उद्योग कशाने उभा राहतो?

आपल्या न्यासाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा लेख लिहावा, असे विश्वस्त मंडळींनी सुचविले आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. शिक्षकाने शिक्षणाच्या महत्त्वावर लिहावे ही जुनी रीत आहे. परंतु शिकून बाहेर पडलेला मुलगा पुढे काय करतो, हा प्रश्न आज लांजीतल्या घराघरांत शिक्षणाइतकाच निकडीचा झाला आहे. सरकारी नोकऱ्या मोजक्या आणि उमेदवार अगणित. मुले नागपूरची, हैदराबादची वाट धरतात आणि तेथे दुसऱ्याच्या दुकानात किंवा कारखान्यात पडेल ते काम करतात. त्यांतील काहींनी येथेच स्वतःचा धंदा उभारला तर? हा विचार आपण सर्वच जण बोलून दाखवितो. पण धंदा कशाने उभा राहतो आणि कशाने बसतो, याचा शांतपणे विचार क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तोच यथामती करावयाचा आहे.

याविषयी आपल्याकडे तीन मते ठरून गेलेली आहेत. पहिले, धंदा रक्तात असावा लागतो. दुसरे, भांडवल असेल तर सर्व काही होते. तिसरे, शेवटी नशीब. या तिन्हींत थोडे तथ्य आहे, परंतु एकही मत पुरते खरे नाही. कसे ते पाहू.

१. कसब आणि उद्योग यांतील फरक

जोसेफ शुंपीटर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उद्योजकाचे लक्षण सांगितले. ज्याच्याजवळ पैसा आहे तो भांडवलदार. परंतु असलेल्या साधनांची जो नवी जुळणी करतो, नवी वस्तू, नवी पद्धत किंवा नवी बाजारपेठ शोधतो, तो उद्योजक. ही व्याख्या पुस्तकी वाटेल, म्हणून आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ.

बालाघाट, गोंदिया, भंडारा हा सारा तेंदूपत्त्याचा मुलूख. येथील हजारो घरांत विडी वळली जात आली आहे. कामगार बाई ठेकेदाराकडून पाने आणि तंबाखू घेते, हजाराच्या हिशेबाने विड्या वळून देते आणि त्यांतूनही काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात. हाताचे कसब तिचे, पान आपल्या रानातले. मग धंदा कोणाचा झाला? १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर गुजरातेतून जी मंडळी मध्य प्रांतात आली, त्यांतील काहींनी जबलपूर-गोंदिया भागात हा धंदा संघटित केला. पाने येथली, मजुरी येथली. परंतु पान, तंबाखू, मजुरी आणि रेल्वे यांची जुळणी त्यांनी केली, विडीला 'छाप' दिली आणि दूरदूरच्या बाजारात तिचे नाव केले. नफा कसबात राहिला नाही, तो छापेत आणि बाजारात राहिला. कसबाला धंद्याचे रूप कोणी दिले नाही, तर कसबी माणूस पिढ्यानपिढ्या मजूरच राहतो, हा यातील धडा होय.

हे लोक 'रक्ताने व्यापारी' होते म्हणून यशस्वी झाले असे म्हणावे, तर महाराष्ट्राचे एक ठळक उदाहरण आड येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. घराण्यात कारखानदारीचा मागमूस नव्हता. मुंबईस चित्रकला शिकावयास गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्याने तो मार्ग सोडावा लागला. पुढे ते तांत्रिक शिक्षणसंस्थेत शिक्षक झाले. नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि मग लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची त्या वेळी समजूत होती. नांगर तयार होऊनही गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा त्यांनी शेतकऱ्याच्या तक्रारी ऐकून नांगर सुधारला, पुन्हा विकावयास नेला. चित्रकार होऊ पाहणारा शिक्षक कारखानदार झाला, तो रक्तामुळे नव्हे.

१९६४ साली डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आंध्रातील काकिनाडा शहरातील लहान व्यापाऱ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना थोड्या दिवसांचे शिक्षण दिले: स्वतःपुढे गाठता येईल असे पण सोपे नसलेले ध्येय ठेवणे, जोखीम मोजूनमापून घेणे, केलेल्या कामाचे फळ तपासणे. पुढील काळात शिक्षण घेतलेले व्यापारी इतरांपेक्षा अधिक हालचाल करताना, नवे उपक्रम काढताना दिसले. धाडस हा केवळ जन्मजात गुण नाही, ते शिकविता येते. आम्हा शिक्षकांना यातून मोठा दिलासा मिळतो.

२. जागा, रस्ता आणि सीमा

तथापि माणूस कितीही उद्योगी असला तरी तो कोठे उभा आहे, याला फार महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरहून कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्यातून छोटी लाइन गेली. दोन मार्गांचा संगम झाल्याने गोंदिया हे विडी व तांदूळ यांचे मोठे ठाणे बनले. लांजी ऐतिहासिक दृष्ट्या थोर. येथला किल्ला पाहावयास लोक दुरून येतात. परंतु लोहमार्ग लांजीला आला नाही, आणि गिरण्या किल्ल्याजवळ उभ्या राहत नाहीत, त्या मालधक्क्याजवळ उभ्या राहतात.

दुसरी गोष्ट सीमेची. १९५६ पर्यंत बालाघाट, भंडारा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला आणि २००० साली आपल्या पूर्वेस छत्तीसगड हे नवे राज्य झाले. लांजीचा माणूस बाजाराला आमगाव-गोंदियाकडे जातो, सोयरिकी तिकडे करतो, बोलीही तिकडची बोलतो. पण अर्ज मात्र बालाघाटास आणि भोपाळास करतो.

या सीमेचा धंद्यावर काय परिणाम होतो, ते धानावरून कळते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा केंद्राने ठरविलेला आधारभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. त्याच सुमारास छत्तीसगडच्या शेतकऱ्याला तेथील सरकारच्या पुरवणीसह ३,१०० रुपये मिळत होते. एकच पीक, एकच पाऊस, मध्ये फक्त एक रेघ. अशा मुलखात ज्याला नियम ठाऊक आहेत तो तरतो. ज्याला ठाऊक नाहीत तो दलालाच्या हाती जातो. यावर भर म्हणून हा भाग अनेक वर्षे नक्षलवादाच्या छायेत राहिला. रस्ते, पूल आणि बँकांच्या शाखा इतर भागांच्या मागून आल्या. लांजीतील दुकानदार मागे पडला असेल तर तो आळशी म्हणून नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

बालाघाट जिल्हा गरीब आहे असेही नाही. भरवेलीला मँगनीज आहे, मलाजखंडला तांबे आहे, रानात बांबू आहे. परंतु खनिज खणून बाहेर जाते आणि त्यावरील पुढची प्रक्रिया बहुतांशी अन्यत्र होते. कच्चा माल विकणारा आणि पक्का माल विकणारा यांच्या मिळकतीत जे अंतर असते, ते जिल्ह्याच्या बाबतीत जसे खरे, तसेच एका कुटुंबाच्या बाबतीतही खरे असते.

३. भांडवल: किती आणि कोणते?

आता दुसरे मत घेऊ. भांडवल लागतेच, परंतु किती आणि कोणत्या वेळी, हा खरा प्रश्न आहे.

बांगलादेशात १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावी प्राध्यापक मुहम्मद युनुस यांनी चौकशी केली. बांबूची मोढे विणणारी बाई बांबूसाठी सावकाराकडून पैसे घेई आणि माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने देई. अशा ४२ जणांची मिळून गरज किती भरली? सुमारे २७ डॉलर. एवढ्या क्षुल्लक रकमेपायी ही माणसे बांधलेली होती. युनुस यांनी ती स्वतःच्या खिशातून दिली. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक झाली आणि २००६ साली त्यांना व बँकेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी गच्चीवर पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तीच 'लिज्जत' संस्था. आज तिच्यात हजारो भगिनी आहेत आणि प्रत्येक जण संस्थेची मालकीणच समजली जाते.

तिसरे पुन्हा किर्लोस्करांचे. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आपल्या भाषेत बोलावयाचे तर हे एक प्रकारचे कर्ज-ए-हसना होते. देणाऱ्याने व्याज मागितले नाही. मात्र माणूस पारखून दिले.

या तिन्ही उदाहरणांत रक्कम लहान किंवा बेताची आहे, पण ती योग्य वेळी आली आहे. आपल्याकडे धंदे बुडतात ते बहुधा आरंभीच्या भांडवलाअभावी नव्हे, तर खेळत्या भांडवलाअभावी. समजा, एका वेल्डिंगवाल्याने ६०,००० रुपयांचे दरवाजे-खिडक्यांचे काम घेतले. त्यात ४०,००० चे लोखंड गेले. काम पुरे झाले, पण पैसे दोन महिने आले नाहीत. त्या दोन महिन्यांत दुसरे गिऱ्हाईक दारी आले तर लोखंड आणावयास हाती पैसा नाही. कागदावर नफा आहे आणि दुकान बंद आहे! म्हणूनच लहान उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यात नोंदणी झालेल्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही त्याला जोडला गेला. मुदतीत पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याला त्या रकमेची खर्च म्हणून वजावट, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, मिळत नाही. परंतु हा लाभ मिळण्यास आधी 'उद्यम' नोंदणी हवी. ती विनाशुल्क होते. तरी आपल्यापैकी कितींनी ती केली आहे?

२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत, 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत आणि 'तरुण' गटात दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. बँकेचे कर्ज व्याजी असते, म्हणून आपल्यातील काही कुटुंबे ते घेत नाहीत. ही त्यांच्या श्रद्धेची बाब आहे आणि तिचा आदर राखला पाहिजे. परंतु अशा कुटुंबांसाठी दुसरी वाट तयार करणे, हेही मग समाजाचे कर्तव्य ठरते. याविषयी शेवटी लिहितो.

४. हिशेब

माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच. शाळेत आम्ही मुलांना नफा-तोट्याची उदाहरणे घालतो. त्यांत खरेदीची किंमत दिलेली असते, विक्रीची दिलेली असते, मुलाने फक्त वजाबाकी करावयाची. व्यवहारात मात्र खरेदीची खरी किंमत कोणी देत नाही. ती आपणच शोधून काढावी लागते आणि तेथेच माणूस फसतो.

धानाचेच उदाहरण पाहा. २,३०० रुपयांनी एक क्विंटल धान घेतले, म्हणजे किलोला २३ रुपये पडले. तांदूळ ३३ रुपयांनी विकला, तर किलोमागे दहा रुपये सुटले, असे नवखा समजतो. परंतु सरकारी भरडाईच्या हिशेबात शंभर किलो धानाचे ६७ किलो तांदूळ धरतात. म्हणजे नुसत्या धानाचीच किंमत तांदळाच्या किलोमागे ३४ रुपये ३३ पैसे झाली. भरडाई, बारदाना, हमाली, गाडीभाडे निराळेच. ३३ ने विकणारा तोट्यात आहे. तो भरून निघाला तर कोंडा, तूस आणि कणी यांच्या विक्रीतून. मुरलेला गिरणीवाला तांदळाइतकेच लक्ष कोंड्यावर ठेवतो, त्याचे रहस्य हे.

आता किराणा दुकान घेऊ. रोजची विक्री ४,००० रुपये आणि तीवर सुटणारी रक्कम शेकडा १५ धरली, तर ६०० रुपये झाले. भाडे, वीज, वाहतूक यांचे १५० वजा जाता ४५० उरले. मालकाने घरखर्चासाठी गल्ल्यातून रोज ७०० रुपये उचलले, तर त्यातील २५० रुपये नफ्यातून नव्हे, भांडवलातून गेले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७५,००० झाले. दीड लाखाचा माल भरलेले दुकान दोन वर्षांत रिकामे होते. गिऱ्हाईक होते, मेहनत होती, नशीबही वाईट नव्हते. फक्त गल्ला आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती. त्यात एखादे लग्न आले म्हणजे दोन वर्षेही लागत नाहीत.

हे केवळ लहान दुकानांचे दुखणे नव्हे. २००८ नंतर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर-उंबरगाव भागातील १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. हे शेकडो कामगारांचे कारखाने होते. तरीही सुताचा साठा बेवारशी पडलेला, यंत्र का बंद पडले याची नोंद नाही, कापडात दोष कोठे शिरतो याचा पत्ता नाही, असे आढळले. त्यांतील १४ कारखान्यांना तज्ज्ञांनी पाच महिने साध्या गोष्टी शिकविल्या: साठ्याची यादी, यंत्रांची वेळच्या वेळी निगा, दोषांची रोजची नोंद. पहिल्या वर्षातच उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. नवी यंत्रे आणली नाहीत; वही आणली, एवढेच म्हणावे लागेल.

वहीचे हे महत्त्व आपल्याला नवे नाही. कुराण-ए-शरीफमधील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे, हे मुलांना विचारले तर ती नमाज किंवा रोजा सांगतात. ती आहे सूरह बकरातील २८२ वी, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. तीच गोष्ट आपण 'आपल्याच माणसात काय लिहायचे' म्हणून टाळतो आणि मग आपलीच माणसे कायमची दुरावतात. लिहिल्याने विश्वास कमी होत नाही, तो टिकतो.

५. विश्वासाचे वर्तुळ

याच अभ्यासात आणखी एक मार्मिक गोष्ट दिसली. कारखाना किती मोठा होईल, हे मालकाच्या घरात किती कर्ते पुरुष आहेत, यावर बरेच अवलंबून होते. कारण तिजोरी आणि सुताचे कोठार परक्याच्या हाती द्यावयास मालक तयार नव्हते. भाऊ-पुतणे संपले की वाढ संपली! लांजीतही हेच. बाप हयात आहे तोवर दुकान चालते. पुढे भावांत वाटण्या होतात आणि एका चांगल्या दुकानाची तीन अर्धपोटी दुकाने होतात.

हे वर्तुळ मोठे करण्याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. नगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याने अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. एकाला मातीचे ज्ञान, दुसऱ्याला आकड्यांचे. शेतकऱ्यांनी भाग घेतले आणि कच्चा ऊस विकणारे साखरेचे मालक झाले. पुढे अनेक सहकारी कारखाने राजकारणाने आणि बेहिशेबाने आजारी पडले, हेही तितकेच खरे आहे. सहकाराने भांडवल जमते. हिशेब मात्र तेथेही ठेवावाच लागतो.

विश्वासाच्या या वर्तुळाबाहेर आपण आणखी एका वर्गाला ठेवले आहे, तो स्त्रियांचा. हजरत खदीजा या मक्केतील प्रतिष्ठित व्यापारी होत्या आणि पैगंबरसाहेबांनी त्यांचा माल घेऊन शामपर्यंत व्यापार केला, हे आपण मिलादच्या मजलिशीत भक्तिभावाने ऐकतो. घरी आल्यावर मात्र मुलीने शिवणकामाचे दुकान काढावे म्हटले, तर कपाळाला आठ्या पडतात. हे ऐकणे आणि हे वागणे यांचा मेळ प्रत्येक घराने आपापला घालावा.

६. नावाची किंमत

प्रारंभी विडीच्या छापेविषयी लिहिले. त्याचाच चांगला नमुना आपल्या जिल्ह्यात घडत आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि वारासिवनीच्या हातमाग साड्या व कापडाला २०२३ साली. याचा अर्थ असा की, दुसरीकडचा माल त्या नावाने विकणे कायद्याने चूक ठरले. परंतु कायद्याने नाव मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. चिन्नोरचा सुगंध आपल्या धानात आहे. तो निवडून, पाखडून, एका वजनाच्या पिशवीत भरून, वर खरे नाव व पत्ता छापून नागपूर-रायपूरच्या गिऱ्हाइकापर्यंत कोण नेणार? जो नेईल त्याचा धंदा. आणि एकदा का त्या पिशवीत दुसऱ्या धानाची भेसळ झाली, की एकाच्या लोभाने साऱ्या जिल्ह्याचे नाव जाईल.

७. न्यासाने काय करावे?

वरील विवेचनाचे तात्पर्य असे: उद्योग एका कारणाने उभा राहत नाही. जागा आणि सरकारी धोरण आपल्या हाती नाही. भांडवल थोडेसे हाती आहे. परंतु हिशेब, माहिती, लेखी विश्वास आणि मालाचा खरेपणा हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. म्हणून विश्वस्त मंडळींपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, न्यासाच्या खोलीत संध्याकाळी तीन महिन्यांचा हिशेबवर्ग चालवावा. रोजकीर्द, उधारवही, मालाची पडती किंमत काढणे आणि घरखर्चाची रक्कम ठरवून घेणे, एवढेच शिकवावे. भगिनींसाठी निराळी वेळ ठेवावी. शिकविण्यास मी आणि माझे काही सहकारी विनामूल्य तयार आहोत.

दुसरी, न्यासपत्रात तरतूद असेल तर कर्ज-ए-हसनाचा लहान निधी काढावा. जकातीची रक्कम मात्र यात मिसळू नये, कारण जकातीचे हक्कदार कुराणाने ठरवून दिले आहेत. या निधीसाठी स्वतंत्र देणग्या घ्याव्यात. कर्ज खेळत्या भांडवलासाठी, लहान रकमेचे आणि हिशेबवर्ग पुरा केलेल्यासच द्यावे. लेखी करार आणि दोन जामीन असावेत. फेड आठवड्याची ठेवावी. विश्वस्तांच्या नातलगालाही हाच नियम लागू असावा. किंबहुना त्याला आधी लागू असावा. आणि कोणी खरोखर अडचणीत आला तर त्याला मुदत द्यावी, चारचौघांत त्याची अब्रू काढू नये. उधारीच्या आयतीच्या अगदी जवळच, २८० व्या आयतीत, अडलेल्या ऋणकोला सवड देण्याची शिकवण आहे. लिहून घेणे आणि सवड देणे ही दोन्ही एकाच धर्माची अंगे आहेत.

तिसरी, 'उद्यम' नोंदणी, मुद्रा, धानखरेदीचे नियम यांची माहिती असलेला एखादा पदवीधर तरुण आठवड्यातून एक दिवस बसवावा. त्याला मानधन द्यावे. फुकटचे काम फार दिवस टिकत नाही.

चौथी, दहावी-बारावी झालेल्या मुलांना गोंदियाच्या गिरण्यांत किंवा नागपूरच्या कारखान्यांत वर्षभर उमेदवारीला पाठवावे. मजूर म्हणून जाणे आणि धंदा शिकण्यासाठी जाणे यांत फरक आहे. पहिला मुलगा पगार आणतो, दुसरा पगार आणि विद्या दोन्ही आणतो.

न्यासाने स्वतः मात्र दुकान किंवा गिरणी चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दानाचा पैसा जोखमीत घालणे योग्य नाही. धंदा ज्याचा त्यानेच करावा. त्याला एकट्याला जे परवडत नाही ते, म्हणजे शिक्षण, साक्ष आणि सल्ला, न्यासाने पुरवावे.

गेल्या पंचवीस वर्षांत न्यासाने विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके दिली, आजाऱ्यांना औषधे दिली, निराधारांच्या घरी धान्य पोचविले. हे काम थांबू नये. परंतु ज्या घरी आज धान्य पोचवावे लागते, त्या घरचा मुलगा पुढील पंचवीस वर्षांत न्यासाचा देणगीदार झाला, तर त्याहून मोठे पुण्य कोणते? हिशेबवर्गाची पहिली वही न्यासानेच द्यावी आणि तो वर्ग येत्या शव्वालपासून सुरू व्हावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.